किल्ल्याच्या पायथ्याचं गाव

टीव्हीवर मी आयुष्यात एकदाच दिसले, आणि तेवढ्यात त्यांनी माझ्या तोंडून युद्धाची जाहिरात करून घेतली. त्याचा राग मला अजून आहे. तो शांत व्हावा अशी माझी इच्छाही नाही. लोक जुन्या रागाचं लोणचं घालतात आणि पाहुणे आले की चवीपुरतं वाढतात, तसं मला करायचं नाही.

आम्ही सिडनीच्या पश्चिमेला, गिरावीनमध्ये राहतो. इथे दिवाळी वसंतात येते. घड्याळं पुढे केलेली असतात, त्यामुळे सूर्य मावळायचं नाव घेत नाही आणि पणत्या मांडून अंधाराची वाट बघत बसावं लागतं. आमच्या गल्लीत तेलुगू, पंजाबी, गुजराती अशी सगळ्यांचीच दिवाळी असते, पण किल्ला फक्त आमच्या मागच्या अंगणात. तो बघून दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "ये क्या है, मंदिर है?" मग माझा नवरा दरवर्षी त्याच उत्साहाने सांगायला बसतो आणि विचारणाऱ्याचा चहा गार होतो.

किल्ल्यावरची चित्रं आम्ही पुण्याहून आणली, साड्यांच्या घडीत गुंडाळून. विमानतळावर क्वारंटाइनवाल्याने बॅग उघडायला लावली. माती या शब्दाला हा देश फार घाबरतो. त्याने एकेक चित्र बाहेर काढलं. आधी वाघ, मग घागर घेतलेली बाई, मग भाजीवाली, मग मावळे, आणि शेवटी सिंहासनावर बसलेले महाराज. महाराजांना त्याने उजेडात धरून खालून-वरून पाहिलं. माझा नवरा कासावीस झाला. "भाजलेली माती आहे, त्यात काही उगवणार नाही," असं त्याने तीनदा सांगितलं. शेवटी तो माणूस म्हणाला, "ऑल गुड, मेट," आणि त्याने सगळ्यांना देशात घेतलं. व्हिसासाठी आम्हाला याहून जास्त थांबावं लागलं होतं.

आमच्या डाव्या बाजूला जी शेजारीण राहते, तिच्या देशाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की तुम्ही आधी बाजू ठरवाल आणि मग वाचाल. एवढंच सांगते, की त्या वर्षी तिच्या देशावर बॉम्ब पडत होते, आणि टाकणारे आमच्या सरकारचे मित्र होते. ती साठीची, एकटी राहणारी, पाळणाघरातून निवृत्त झालेली. आम्ही एकमेकींशी इंग्रजीत बोलतो, तिची इंग्रजी वेगळी आणि माझी वेगळी, तरी कधी अडलं नाही. तिची धाकटी बहीण तिकडेच होती. फोन लागला की शेजारीण कुंपणापाशी येऊन सांगायची, "आज बोलली." लागला नाही तर काही न सांगता बागेला पाणी घालत राहायची. आम्हाला त्यावरूनच कळायचं.

त्या दिवसांत टीव्ही लावणं म्हणजे डोक्याला ताप होता. निवृत्त सेनाधिकारी जमिनीवर पसरलेल्या भल्यामोठ्या नकाशावरून चालायचे. मॅचच्या आधी खेळपट्टी दाखवतात ना, तसं ते एकेक शहर दाखवायचे. मागे ढोल वाजायचे. निवेदिका विचारायची, "मग आता पुढची खेळी काय?" हल्ला झाला असं कुणी म्हणत नव्हतं, 'संदेश पोचवला' म्हणत होते. बॉम्ब 'अचूक' असायचे, कारवाई 'स्वच्छ' असायची. आणि हे सगळं झालं की एक ठरलेला प्रश्न यायचा: आपण तयार आहोत का? आपण म्हणजे आम्ही, गिरावीनचे, जे मॉर्गेज आणि मुलांच्या सिलेक्टिव्ह शाळेच्या प्रवेशपरीक्षेपलीकडे कशालाच तयार नसतो. युद्धस्य कथा रम्या, असं आपल्याकडे म्हणतात. त्या रम्य वाटतात त्या सोफ्यावर बसून ऐकणाऱ्याला. ज्याच्या डोक्यावर छप्पर पडतं त्याला कुणी कथा विचारत नाही.

आमची मुलगी तेव्हा पंधराची होती. त्या वर्षीचा किल्ला तिने जवळजवळ एकटीने केला. हार्डवेअरच्या दुकानातून पोत्याने माती आणली, शेजारणीने तिच्या शेडमधली फुटकी कौलं दिली, मी मोहरी पेरली. किल्ला उभा राहिला तेव्हा मुलगी म्हणाली, "मम, इट्स ऑल सोल्जर्स. व्हेअर डू द पीपल लिव्ह?" तिचं बरोबर होतं. मग पायथ्याशी गाव वसवायला घेतलं. विहीर, पार, बाजार. शेजारीण कुंपणावरून बघत होती, ती फाटक उघडून आत आली आणि मातीत मांडी घालून बसली. तिने एक सपाट गच्चीचं घर केलं. काड्यापेटीच्या काड्यांवर दोरा बांधून गच्चीत कपडे वाळत घातले, चिंध्यांचे एवढे एवढे कपडे. "हे माझ्या बहिणीचं घर," म्हणाली. मुलीने त्या घराच्या शेजारीच भाजीवाली बसवली. इतिहासाच्या दृष्टीने त्या घराचा त्या किल्ल्याशी काही संबंध नव्हता. माझ्या नवऱ्याने तोंड उघडलं होतं, मी त्याच्याकडे बघितलं, त्याने मिटलं.

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. एका चॅनेलला पश्चिम सिडनीतल्या दिवाळीवर काहीतरी करायचं होतं आणि त्यांनी आमचा पत्ता दिला होता. "अगं, किल्ला म्हणजे युनिक आहे. रांगोळ्या काय, सगळेच दाखवतात." खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. मी अंगण झाडलं, नऊवारी नेसायचा विचार केला आणि सोडला, चकल्यांचा डबा बाहेर काढला.

बातमीदार मोठा गोड माणूस होता. बूट काढून गवतावर आला. चकली खाल्ली, दुसरी मागून घेतली. कॅमेऱ्यावाल्याने मावळ्यांचं खूप जवळून चित्रण केलं, पोटावर झोपून. गावाचंही केलं, मी पाहिलं. मग बातमीदाराने मला विचारलं, "म्हणजे मुलं यातून स्वतःचं रक्षण करायला शिकतात?" मी म्हणाले, "घरावर कुणी चालून आलं तर लढावं लागतं, हे आमच्या पोरासोरांनाही कळतं. पण किल्ला म्हणजे नुसती लढाई नव्हे." आणि मग मी त्याला सगळं सांगितलं. सैन्याने रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावायचा नाही असा हुकूम होता, हे आम्ही शाळेत शिकलो. आम्हाला राजा आवडतो तो एवढ्यासाठी, की त्याला तलवार कुठे थांबवायची ते कळत होतं. म्हणून हे गाव इथे आहे, म्हणून ही भाजीवाली. आणि हे घर आमच्या शेजारणीच्या बहिणीचं आहे, तिच्या देशावर आत्ता बॉम्ब पडताहेत, तिचा फोन लागत नाहीये. मी बराच वेळ बोलले. तो मान डोलावत होता. जाताना म्हणाला, "दॅट वॉज ब्यूटिफुल."

आता पुढची चूक आमच्यासारखीच माणसं करतील. घरातलं कुणी टीव्हीवर येणार म्हटलं की आम्ही मराठी माणसं ते एकट्याने बघत नाही. पुण्याला माझ्या सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावून फोन फुलदाणीला टेकवून ठेवला होता. मंडळातली दोन कुटुंबं फराळाला आली होती. आणि मी स्वतः जाऊन शेजारणीला बोलावून आणलं, कारण तिचं घर टीव्हीवर दिसणार होतं. ती ठेवणीतला ब्लाउज घालून आली. बहिणीचा फोन लागत नव्हता, तरी आली. येताना खजुराची वडी घेऊन आली. तिला मी सोफ्यावर मधोमध बसवलं.

दिवाळीची बातमी लागलीच नाही. लागला तो 'आपण तयार आहोत का' या मालिकेचा पुढचा भाग. नकाशा आला, जहाजं आली, निवृत्त सेनाधिकारी आले. या देशाच्या तरुणांना लढण्याची इच्छाच राहिलेली नाही, असं एक जण कळवळून म्हणाला. मग निवेदिका म्हणाली, की काही स्थलांतरित कुटुंबं मात्र हा धडा विसरलेली नाहीत. आणि पडदाभर आमचे मावळे! ढोलावर. मग मी. "घरावर कुणी चालून आलं तर लढावं लागतं, हे आमच्या पोरासोरांनाही कळतं." बास. पुढचं काही नाही, गाव नाही, भाजीवाली नाही. माझं वाक्य संपायच्या आतच चित्र बदललं, आणि माझ्याच आवाजावर शेजारणीच्या देशातली एक रात्र दिसायला लागली. वरून घेतलेली, हिरवट. एक चौकोन, मग पांढरा उजेड. निवेदिका म्हणाली, निर्धार असाच दिसतो.

फुलदाणीतून सासूबाई म्हणाल्या, "छान दिसलीस गं!" कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मग एकेक जण थांबला. शेजारीण पडद्याकडेच बघत होती. तिथे आता हवामान चालू होतं. तिने वाटी खाली ठेवली, "थँक यू," म्हणाली, आणि गेली. मी मागे धावले. फाटकाशी ती म्हणाली, "आत्ता नको." दुसऱ्या दिवशी मी दार वाजवलं, तिने उघडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बागेला पाणीसुद्धा कुणी घालत नव्हतं.

मी चॅनेलला फोन केला. बऱ्याच वेळा. शेवटी एक बाई मिळाली, फार सभ्य. ती म्हणाली, शब्द तुमचेच आहेत, आम्ही एकही बदललेला नाही. मी म्हटलं, तुम्ही माझ्या घरी येऊन चकल्या खाल्ल्यात आणि माझ्या तोंडात बॉम्ब कोंबलात. ती म्हणाली, मी तुमची भावना समजू शकते. माझी भावना समजून घ्यायला मी फोन केलाच नव्हता.

आणि आमच्या मंडळाच्या ग्रुपवर हार-तुरे चालू होते. क्लिप सगळीकडे फिरत होती, वर तुतारी लावून. अध्यक्षांना मी म्हटलं, ती काढ. तो म्हणाला, "अगं, नॅशनल टीव्हीवर आपला किल्ला! लोक पैसे देऊन अशी पब्लिसिटी घेतात. आणि चुकीचं काय बोललीस तू? आपण काय पळपुटे आहोत?"

"मी जे बोलले ते त्यांनी दाखवलं कुठे?"

"टीव्हीवर एवढं होतंच गं. जाऊ दे ना. आपण इथे बाहेरून आलेले. कशाला नसत्या वादात पडायचं?"

"म्हणजे लढायला आपण इथलेच, आणि बोलायची वेळ आली की बाहेरचे?"

यावर तो हसला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मीही तेव्हा फोन ठेवला. मग त्याने कळवलं, की शनिवारच्या दिवाळी कार्यक्रमात मंडळातर्फे माझा सत्कार करायचं ठरलं आहे. शाल-श्रीफळ. कौन्सिलचे पाहुणे येणार, त्यांच्यासमोर क्लिप मोठ्या पडद्यावर लावणार. नवरा म्हणाला, जाऊ नकोस. मी म्हटलं, वा, जाणार तर. चांगली साडी नेसून जाणार.

शाळेचा हॉल भरलेला होता. क्लिप लागली, तीच ती हिरवट रात्रसुद्धा, कापायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लहान मुलं पुढे सतरंजीवर बसून चिवडा खात बघत होती. मला वर बोलावलं. शाल खांद्यावर पडायच्या आत मी माईक घेतला. आधी मराठीत बोलले आणि मग पाहुण्यांना कळावं म्हणून इंग्रजीत. मी म्हटलं, घरावर चालून आलं तर लढावं, हे मी म्हणाले आणि पुन्हा म्हणेन. पण आत्ता पडद्यावर जे दिसलं, त्यात कोण कुणाच्या घरावर चालून गेलं होतं? कुणाची पोरं झोपली होती त्या चौकोनात? आपण लहानपणापासून किल्ल्याच्या पायथ्याशी गाव मांडत आलो. त्यांनी तेवढंच कापलं आणि किल्ला ठेवला. आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. ज्या सत्कारात माझ्या शेजारणीच्या देशावर पडलेला बॉम्ब दाखवून मला नारळ देणार, तो नारळ मला नको.

मागे कुणीतरी म्हणालं, "सणासुदीला काय हे." एक म्हातारे गृहस्थ, मी त्यांना ओळखतही नव्हते, मोठ्याने म्हणाले, "बरोबर बोलल्या बाई," आणि त्यांच्या सुनेने त्यांचा हात दाबला. अध्यक्षांनी पटकन लावणी लावायला सांगितली. मी शाल टेबलावर ठेवून खाली उतरले. मुलगी दाराशी उभी होती. "मम," ती म्हणाली, "दॅट वॉज सो एम्बॅरसिंग. आय लव्ह यू." घरी पोचायच्या आत मला ग्रुपमधून काढून टाकलं होतं. सुंठीवाचून खोकला गेला.

मला अगदी हलकं वाटत होतं. अभिमानही होता, नाही म्हणत नाही. रविवारी सकाळी शेजारीण अंगणात दिसली. ती लिंबं तोडत नव्हती, नुसती झाडाशी उभी होती. मी कुंपणापाशी गेले आणि सगळं सांगितलं. काय म्हणाले, कोण काय म्हणालं, नारळ कसा नाकारला, सगळं रंगवून. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चांगलं केलंस. तुझं बोलणं कापलं, म्हणून तुला राग आला. यायलाच हवा." "माझ्या बहिणीला तर त्यांनी दाखवलंच नाही. ती त्या उजेडाच्या खाली होती."

मला समजायला वेळ लागला. माझ्या वाक्यावर जी रात्र दाखवली होती, तीच रात्र. शहराचा तोच भाग. तिच्या भाच्याने कळवलं होतं, टीव्हीवरच्या त्या कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी.

मी फाटक उघडून पलीकडे गेले. कितीतरी वेळ आम्ही दोघी पायरीवर बसून होतो. मग तिनेच विचारलं, "तू त्या लोकांना फोन करतेस ना?" मी हो म्हटलं. "आता तुझ्यासाठी नको करूस. तिच्यासाठी कर. मी केला की ते आधी विचारतात, तुम्ही कुणाच्या बाजूच्या."

मी तेव्हापासून फोन करते. दर आठवड्याला, चहा घेऊन, ती माझ्या शेजारी बसलेली असताना, स्पीकरवर. बातमीदार पुन्हा आला नाही. मोठे साहेब फोनवर येत नाहीत. जी मुलगी फोन उचलते ती आता माझा आवाज ओळखते. काहींनी मला सांगितलं, अशाने काही होत नसतं, कशाला स्वतःला त्रास करून घेतेस. मी म्हणते, त्रास मला नाही होत, त्यांना होतो, आणि तो मी थांबवणार नाही.

मागच्या वेळी ती मुलगी म्हणाली, "नो वरीज, मॅम, आय हॅव नोटेड इट." मी म्हटलं, काय लिहिलंत ते वाचून दाखवा. तिने वाचलं: प्रेक्षकाची तक्रार, युद्धाच्या वार्तांकनाविषयी. मी म्हटलं, खोडा. मला भरपूर वेळ आहे, खोडा आणि मी सांगते तसं लिहा. माझ्या शेजारणीने खुर्ची जवळ ओढली आणि ती फोनमध्ये स्वतः सांगायला लागली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून: लिहा, एक बाई होती. शाळेत मुलांसाठी स्वयंपाक करायची. पुढचा दात तुटलेला होता, म्हणून हसताना तोंडावर हात धरायची.

पलीकडून टाइप केल्याचा आवाज यायला लागला.